सुभेदार रामजी सकपाळ : शिपायाची लढाई आणि नागरिकाचा हक्क

(वसमत येथील उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आज येथे जमलेल्या मंडळींत अनेक घरे अशी आहेत की ज्यांनी अलीकडेच बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे. त्यांतील काही घरांत फौजेत गेलेले मुलगे आहेत आणि काही घरांत फौजेतून परत आलेले वडील व आजोबा आहेत. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी शिपायाचा विषय निवडला आहे. मी विधि महाविद्यालयात शिकलेला माणूस आहे. माझा धंदा पुरावा तपासण्याचा. तेव्हा भाषणात टाळ्या घेण्यापेक्षा आपल्या समाजाच्या शिपाईगिरीचा दावा पुराव्यासह आपणापुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

मी वकिली सुरू केली त्या पहिल्या काही वर्षांतील एक गोष्ट प्रथम सांगतो. या तालुक्यातील एका खेड्याचे एक वृद्ध हवालदार माझ्याकडे आले. गावाचे व माणसाचे नाव मी घेत नाही. अंगावर स्वच्छ धुतलेला सदरा आणि हातात पत्र्याची लहान पेटी. त्यांनी पेटी उघडून तीन पदके माझ्या टेबलावर ठेवली. १९६२, १९६५ आणि १९७१ या तीनही युद्धांत ते शिपाई म्हणून होते. मला वाटले, पेन्शनचे काही काम असेल. परंतु काम निराळेच होते. त्यांच्या वस्तीतून स्मशानभूमीकडे जाणारी जुनी वाट कोणीतरी कुंपण घालून बंद केली होती. पावसाळ्यात प्रेत न्यावयाचे तर दुसऱ्याच्या उभ्या पिकातून, शिव्या खात जावे लागे. ते मला म्हणाले, "वकीलसाहेब, तीन लढाया देशासाठी केल्या. आता मला गावात मरायची भीती वाटते, कारण मला नेणार कुठून?"

त्यांच्या या प्रश्नाने मला अनेक दिवस अस्वस्थ केले. ज्याने हिमालयाच्या थंडीत देशाची वाट राखली, त्याला स्वतःच्या गावात शेवटची वाट नसावी हे कसे? पदके खरी होती आणि कुंपणही खरे होते. मग शौर्याने माणसाला मिळते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका दुसऱ्या शिपायाचे चरित्र पुन्हा पुन्हा आठवले. ते शिपाई म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. आपण त्यांना केवळ थोर पुत्राचे पिता म्हणून ओळखतो. आज त्यांना शिपाई म्हणून ओळखू या.

परंतु रामजींकडे जाण्यापूर्वी ते ज्या परंपरेत जन्मले तिच्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे कंपनी सरकारची मुंबईची पलटण पेशव्यांच्या मोठ्या सैन्याशी दिवसभर लढली. ही पलटण एकट्या महारांची नव्हती. तीत मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. जे खरे आहे तेच आपण सांगावे. ज्याची बाजू खरी असते त्याला पुराव्यात भर घालण्याची गरज पडत नाही. तेथील स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ हा शेवट असलेली बावीस नावे आहेत, आणि त्या काळी महार शिपायांच्या नावापुढे हाच शेवट लागत असे. ज्यांना पेशवाईच्या राज्यात माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांची नावे दगडावर माणसाची नावे म्हणून प्रथम कोरली गेली, हा त्या स्तंभाचा खरा अर्थ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, ते हाच अर्थ आपल्या लोकांच्या मनावर ठसविण्यासाठी.

दुसरे उदाहरण अफगाण युद्धाचे घ्या. १६ एप्रिल १८८० रोजी कंदाहारच्या मार्गावरील दुबराई या लहानशा ठाण्यावर शेकडो लोकांनी हल्ला केला. ठाण्यात १९ व्या मुंबई पलटणीचे मेजर वॉडबी होते आणि त्यांच्याबरोबर इलाही बक्ष व सोननाक तननाक हे दोन शिपाई होते. हल्ला येणार ही वार्ता आधीच कळली होती. निघून जाण्यास अवधी होता. तरीही ठाणे सोडावयाचे नाही असे ठरवून ते अखेरपर्यंत लढले आणि तेथेच पडले. स्मारकाच्या लेखात त्या दोन शिपायांचीही नावे आहेत. परंतु मुंबईतील रस्त्याला नाव मिळाले ते मेजरचे. सोननाक तननाक हे नाव आपल्यापैकी किती जणांनी आज प्रथम ऐकले, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

अशा परंपरेत रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या सकपाळ घराण्यात १८४८ साली रामजींचा जन्म झाला. त्यांचे वडील मालोजी हेही फौजेतलेच. रामजींचे लग्न ज्या मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाले, ते घराणेही फौजेतील अंमलदारांचे. गावात ज्यांच्या वाट्याला वेसकर आणि मेलेली ढोरे ओढणे आले होते, त्यांच्याच भाऊबंदांना पलटणीत हुद्दा मिळत होता, पगार मिळत होता, आणि मोठी गोष्ट म्हणजे अक्षर मिळत होते.

भगिनींनो, ही अक्षराची गोष्ट नीट ध्यानात घ्या. कंपनीच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिकविण्याची सोय सक्तीची होती. गावच्या शाळेच्या ओसरीवर ज्यांना पाय ठेवू देत नसत, त्यांची मुले पलटणीच्या शाळेत बाराखडी गिरवीत होती. रामजींनी पुण्यास शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि ते फौजेच्या शाळेत मास्तर झाले. पुढे चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते व सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. महू येथील छावणीत ते असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. म्हणजे ज्या शिपायाचे आपण आज स्मरण करीत आहोत, त्याच्या नोकरीतील उत्तम काळ खडू आणि पाटी यांच्या संगतीत गेला. मुंबई फौजेतील या पिढीने अनेक लढाया केल्या. परंतु तिची सर्वांत दूरवर पोहोचलेली लढाई निरक्षरतेशी झाली, असे मी म्हणतो.

रामजी कबीरपंथी होते. त्यांना खेळांची आवड होती, परंतु दारूला त्यांनी कधी स्पर्श केला नाही. फौजेतून परत आलेल्या आजच्या काही बांधवांना मी हे मुद्दाम सांगतो. कॅन्टीनमधून स्वस्त मिळते म्हणून बाटली घरी आणणारा पेन्शनर आपल्या मुलांच्या पुस्तकांचे पैसे बाटलीत बुडवितो. सुभेदार रामजींच्या पेन्शनीतून काय विकत घेतले गेले, ते मी पुढे सांगणारच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतील भरती बंद केली. हिंदुस्थानात काही जाती लढवय्या आहेत आणि बाकीच्या नाहीत, असे एक नवे शास्त्र त्या वेळच्या लष्करी अधिकाऱ्यांनी काढले होते. ज्यांची नावे कोरेगावच्या दगडावर आहेत, ज्यांच्यातला एक दुबराईला पडला, ते या शास्त्राप्रमाणे लढवय्ये ठरले नाहीत. बंधूंनो, यात पुराव्याचा प्रश्नच नव्हता. अस्पृश्याच्या हाताखाली वा शेजारी नोकरी करण्यास इतरांची नाखुशी होती, आणि ती नाखुशी शास्त्राच्या वेषात हुकूम होऊन आली.

या हुकुमाने एका समाजाची नोकरी गेली. त्याचबरोबर त्याची शाळा गेली, हुद्दा गेला, पेन्शन गेली, आणि गावच्या पाटलासमोर ताठ उभे राहण्याचे बळ गेले. तेव्हा रामजी काय करतात? ते तलवार उपसत नाहीत. नशिबाला दोषही देत नाहीत. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जातात, त्यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज तयार करवितात आणि भरती पुन्हा सुरू करावी अशी मागणी करतात. तसाच खटाटोप दापोलीचे हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली केला. हे वलंगकर फौजेतून निवृत्त झाल्यावर लेखणी हाती घेऊन अस्पृश्यतेवर लिहू लागले होते व त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ नावाची पुस्तिका १८८८ साली काढली होती. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे याच मागणीचा अर्ज पाठविला.

वकील या नात्याने मी या अर्जांकडे फार आदराने पाहतो. अर्ज करणे म्हणजे भीक मागणे, असे आपले काही तरुण समजतात. तसे नाही. भीक मागणारा स्वतःचे दैन्य सांगतो, आणि अर्जदार आपला हक्क व त्याचा आधार लिहून देतो. त्या अर्जांत आमच्या आजोबा-पणजोबांनी केलेल्या लढायांची यादी दिलेली होती. सरकारने ती यादी वाचली आणि बाजूला ठेवली. दार उघडले नाही. येथेच रामजींच्या पिढीला तो कटू धडा मिळाला की, कितीही लढाया केल्या तरी शाबासकी मिळते, हक्क मिळत नाही. कायद्यात लिहिलेला नसेल तर धन्याच्या मर्जीने दिलेला मान धन्याच्या मर्जीने परतही जातो.

सुभेदारपद घराच्या उंबऱ्याबाहेर किती उपयोगी पडत होते, याचा पुरावा खुद्द बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत नोंदविला आहे. साल १९०१. रामजी निवृत्त झाले होते, भीमाबाई वारल्या होत्या आणि कुटुंब साताऱ्यास राहत होते. रामजी खटाव तालुक्यात एका सरकारी तलावाच्या खोदाईवर रोखपाल होते. दुष्काळाने गांजलेल्यांना काम मिळावे म्हणून ती खोदाई चालली होती. उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि बहिणीचे मुलगे वडिलांना भेटावयास निघाले. अंगावर नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या. आगगाडीने ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने प्रथम मायेने विचारपूस केली. परंतु मुले महार आहेत हे कळताच तो पाच पावले मागे सरला. बैलगाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एक गाडीवान तयार झाला. तो स्वतः गाडीबरोबर पायी चालला. रात्रभर मुलांजवळ भाकरी होती, परंतु पाणी कोणी दिले नाही. तहानेने ती भाकरी घशाखाली उतरेना.

बंधूंनो, यातील विपरीतपणा पाहा. बाप दुष्काळात लोकांसाठी तलाव खोदण्याच्या कामाचा हिशेब ठेवीत होता, आणि त्याच वाटेवर त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळत नव्हते. बाप सुभेदार होता, सरकारचा पेन्शनर होता, पुढच्या मुक्कामी मानाच्या जागी बसलेला होता. या सर्वांतील एकही गोष्ट त्या रात्री त्या मुलांच्या उपयोगी पडली नाही. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांच्या मनात त्या रात्री जे रुतले, त्याचे पुढे काय झाले ते सारा देश जाणतो. आपल्या हवालदारांचे कुंपण आणि सुभेदारांच्या मुलांची ती बैलगाडी ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

या इतिहासाचा पुढचा भागही पाहणे अवश्य आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि माणसे कमी पडू लागली. तेव्हा जे लढवय्ये नव्हते ते एकाएकी लढवय्ये झाले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी करण्यात आली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ साली पलटण मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले. पुन्हा तोच प्रकार. परंतु या वेळी एक फरक होता. आता मागणी करणारा माणूस सरकारच्या दारात उभा नव्हता, सरकारच्या सभेत बसला होता. १९४१ साली बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण परिषदेचे सभासद झाले आणि त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढे कामठीसही पलटण झाली. या रेजिमेंटच्या शिपायांनी ब्रह्मदेशात काम केले, इराकमध्ये केले, आणि १९४७ साली फाळणीच्या वणव्यात पंजाबमध्ये निर्वासितांच्या तांड्यांना जिवंत पोहोचविण्याचे काम केले. निर्वासिताची जात विचारून त्यांनी त्याला संरक्षण दिले नाही. ज्यांना पाणी नाकारले गेले होते, ते दुसऱ्यांचे प्राण राखीत होते.

या रेजिमेंटमधून कमिशन घेतलेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन अधिकारी पुढे भारताचे सरसेनापती झाले. १९८७ साली श्रीलंकेत ८ व्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्या नावाची पलटण एकदा बंद केली आणि एकदा मोडली, त्याच नावाच्या पलटणीत देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतील माणसे अभिमानाने दाखल झाली.

तेव्हा १९२१ आणि १९४१ यांत फरक कशाने पडला? शौर्य तर दोन्ही वेळी तेच होते. फरक शिक्षणाने पडला, आणि ते शिक्षण सुभेदार रामजींच्या पेन्शनीतून आले.

मघाशी म्हटले होते की, त्या पेन्शनीतून काय विकत घेतले गेले ते सांगेन. रामजींना महिना पन्नास रुपये पेन्शन होती. मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंब राहत होते. भीमरावांना पुस्तक हवे असे आणि हातात पैसा नसे. तेव्हा हा वृद्ध सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जाई, त्यांच्याकडून पैसे उसने घेई. ते नसतील तर दागिना मागून घेई, तो गहाण ठेवी, पुस्तक आणी आणि पेन्शन मिळताच दागिना सोडवून परत करी. खोली लहान म्हणून मुलाला लवकर निजवून स्वतः जागा राही आणि रात्री दोन वाजता अभ्यासासाठी त्याला उठवी. ज्याने छावणीत पहारे दिले, त्याने आयुष्याचा शेवटचा पहारा मुलाच्या अभ्यासावर दिला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. बापाला ते दिसले नाही. येथे बसलेल्या आयाबहिणींनी मात्र त्या मुलींचे दागिनेही विसरू नयेत. आपल्या सामाजिक क्रांतीच्या जमाखर्चात त्या गहाण ठेवलेल्या दागिन्यांची नोंद झाली पाहिजे.

शिपाईगिरीतून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे शिस्त. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद झाली, तीत फौजेतून निवृत्त झालेली अनेक माणसे होती. २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर परतणाऱ्या आपल्या लोकांवर गावगुंडांनी हल्ला केला. मार देण्याची ताकद असलेले हात तेथे कमी नव्हते. परंतु बाबासाहेबांनी हात उगारू नका असे सांगितले आणि त्या हातांनी ते ऐकले. ज्याला लढता येत नाही त्याच्या शांततेला कोणी किंमत देत नाही. ज्याला लढता येते आणि जो आज्ञेवरून थांबतो, त्याची शांतता शत्रूलाही विचार करावयास लावते.

त्यानंतर ती लढाई कोर्टात गेली. तळे आपलेच आहे व तेथे अस्पृश्यांना न येऊ देण्याची अनादी रूढी आहे, असा दावा प्रतिपक्षाने लावला. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम झाला. हजारो माणसे सत्याग्रहासाठी जमली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला. त्या वेळी पुष्कळांना हे रुचले नसेल. परंतु दहा वर्षे दावा चालला. खालचे कोर्ट, जिल्हा कोर्ट आणि अखेर मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला की, अशी अनादी रूढी प्रतिपक्षाला सिद्ध करता आली नाही. ज्या सुभेदाराच्या मुलाला मसूरच्या वाटेवर पाणी मिळाले नव्हते, त्याने पाण्याचा हक्क कोर्टातून शाबीत करून घेतला. रामजींनी रानड्यांच्या साहाय्याने केलेला तो जुना अर्ज फेटाळला गेला होता. पंचेचाळीस वर्षांनी त्यांच्या मुलाचा जबाब मात्र मान्य झाला. आणि पुढे हाच मुलगा राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. घटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आता कोणा सेनापतीने एखादी जात लढवय्यी नाही असे म्हणून सरसकट भरतीचे दार लावून घेणे शक्य नाही. मर्जीचा हक्क झाला तो येथे.

आपला वसमतचा प्रदेश त्या काळी निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. परंतु कोकणात जशी पेन्शनर सुभेदार-हवालदारांची घरे तयार झाली, तशी आपल्याकडे झाली नाहीत. आपल्याकडे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल राहिला. उच्च शिक्षणाचे दार बाबासाहेबांनीच १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढून उघडले. म्हणजे आपण एका पिढीने, किंबहुना दोन पिढ्यांनी मागे राहिलो. ही कसर दु:ख करून भरून निघणार नाही. ती शिकून भरून काढावी लागेल.

येथे एक शंका मला अनेकदा विचारण्यात येते. "आम्ही आता बौद्ध झालो. पंचशील घेतले. मग मुलाला फौजेत पाठवावे काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर टाळू नये. वैशालीचा सेनापती सीह भगवान बुद्धांकडे आला आणि त्याने उपासक होण्याची इच्छा दर्शविली. भगवंतांनी त्याला घाई करू दिली नाही. तुझ्यासारख्या प्रसिद्ध माणसाने नीट विचार करून पाऊल टाकावे, असे सांगितले. विचार करून तो उपासक झाला, आणि त्यासाठी त्याला सेनापतिपद सोडावयास लावले गेले नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असा भेद केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करावयास लावते. द्वेषाने मारणारा आणि निराधारांचे रक्षण करणारा यांत धम्म भेद करतो. परंतु युद्ध हे दु:खच आहे. म्हणून उपासकाने युद्धाचा अभिमान बाळगू नये, रक्षणाचा बाळगावा. पंजाबच्या निर्वासितांना पोहोचविणारा शिपाई मला धम्माच्या अधिक जवळचा वाटतो.

आता तीन गोष्टी सांगून भाषण पुरे करतो.

पहिली गोष्ट कागदांची. फौजेतून आलेल्या प्रत्येकाने आपले डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पत्नीच्या नावाची नोंद आणि मुलांच्या जन्मतारखा एकत्र, कोरड्या जागी ठेवाव्यात. नावातील एका अक्षराच्या फरकासाठी विधवा भगिनी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवितात. हा फरक माणूस जिवंत असताना एका अर्जाने दुरुस्त होतो.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. धर्मांतराने आपले घटनात्मक हक्क गेले, अशी भीती पुष्कळांना घातली जाते. १९५६ नंतर कित्येक वर्षे केंद्राच्या सवलतींपासून बौद्ध वंचित होते, हे खरे आहे. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या त्या दिल्या. परंतु १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातींत समाविष्ट केले. म्हणून दाखल्यासाठी धर्म लपविण्याची गरज नाही. ज्याने दीक्षा घेतली त्याने आपला धर्म बौद्ध असाच सांगावा.

तिसरी गोष्ट भीतीची. पाणवठा, रस्ता, वाट, स्मशानभूमी यांचा वापर अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९७६ पासून त्या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याहून कडक आहे. परंतु कायदा हा कपाटातील बंदुकीसारखा असतो. तो चालविणारा माणूस नसेल तर तो नुसताच गंजतो. साक्ष देण्याच्या दिवशी घरात बसून राहणारा समाज खटले जिंकत नाही.

हवालदारांच्या त्या वाटेचे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही अर्ज केला. जुना नकाशा काढला. त्यात वाट होती. पंचनाम्याच्या दिवशी वस्तीतील चाळीस माणसे, त्यांत अर्ध्या बाया, शांतपणे येऊन उभी राहिली. एकाही माणसाने आवाज चढविला नाही. हवालदारांची तशी सक्त ताकीदच होती. सात महिने हेलपाटे घालावे लागले. अखेर कुंपण निघाले. दोन वर्षांनी हवालदार वारले, तेव्हा मी त्यांच्या अंत्ययात्रेस गेलो होतो. त्यांना त्या वाटेने नेले. पत्र्याच्या पेटीत सर्व कागद क्रमाने लावलेले होते, म्हणून त्यांच्या पत्नीची पेन्शन सुरू होण्यास कोणतीही अडचण पडली नाही. त्यांची नात आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे.

उपासक-उपासिकांनो, तीन युद्धांनी त्या माणसाला पदके दिली. वाट मिळाली ती नकाशाने, अर्जाने आणि त्या चाळीस माणसांच्या एकजुटीने. सुभेदार रामजींच्या चरित्राचाही हाच सारांश आहे. मुलांना फौजेत जरूर पाठवा, ताठ मानेने पाठवा. परंतु जाणाऱ्याच्या धाकट्या बहिणीच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नका. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या अनेक लढाया केल्या. स्वतःची लढाई त्यांनी पाटीवर आणि कागदावर केली, आणि ती ते जिंकले. ती पुढे चालविणे हे आता आपल्या हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं। जय भीम!